ॲक्सलचा बूट आणि बेअरिंग घरी बदलायचं तर खर्च किती आणि घाम किती

चाळीसगावकडून कन्नड घाट चढत होतो. आखूड वळणावर फुल टर्न मारला की डाव्या चाकातून टक टक टक यायचं, सरळ रस्त्यावर एकदम गप्प. माझी गाडी जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, सेकंडहँड घेतलेली. घरी आल्यावर चाकाच्या आत हात घातला तर रिमला, कॅलिपरला (ब्रेक पॅड दाबणारा भाग), सगळीकडे काळं ग्रीस. म्हणजे बूट फाटलेला, आणि तोही बऱ्याच दिवसांपासून.

बूट म्हणजे ॲक्सलच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या, टोकाला जो सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी फिरवत राहणारा सांधा) असतो त्याच्यावरचं घड्याघड्यांचं रबर. आत ग्रीस आणि ६ छर्रे. रबर फाटलं की फिरता शाफ्ट ग्रीस बाहेर फेकतो आणि आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ आत जाऊन छर्ऱ्यांच्या खाचा खाते. रबर फाटलंय पण टकटक अजून नाही, अशा वेळी पकडलं तर नुसत्या बूटवर भागतं. आवाज आला की बहुतेक वेळा जॉइंटसुद्धा बदलावा लागतो. मी नशिबाने वाचलो, खाचांवर नुसती नखाला लागेल न लागेल अशी रेघ होती, म्हणून रिस्क घेऊन तोच जॉइंट परत टाकला.

चाकाच्या बेअरिंगचा आवाज वेगळा, घूंऽऽ असा, स्पीडबरोबर वाढणारा. जळगाव-धुळे हायवेला ८० च्या पुढे मला तो यायचा. टायरवाला म्हणे, "भाऊ, हाऊ ते टायरनाच आवाज शे." त्याचं ऐकून टायर पुढचे मागे केले, आवाज जागचा हलला नाही. साधी परीक्षा आहे, उजवीकडे वळताना आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर, कारण वजन तिकडे जातं. मग चाक उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा, खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा सांधा). ३ आणि ९ ला हलत असेल तर आधी टाय रॉड (चाक वळवणारा स्टीअरिंगचा दांडा) बघा.

आता काम. मे महिन्यात करत असाल तर सकाळी ६ ला सुरू करा, दहानंतर पाना हातात धरवत नाही. गाडी मातीवर असेल तर जॅकखाली जाड फळी टाका, आणि जॅक स्टँडशिवाय खाली जायचं नाही, विटा चालणार नाहीत.

मधला मोठा ॲक्सल नट गाडी जमिनीवर असतानाच फक्त जामातून सोडवायचा, पाव फेऱ्याच्या आत, पान्याला पाइप लावून. पूर्ण सैल केला आणि गाडीचं वजन चाकावर राहिलं तर चांगलं बेअरिंगही खराब होतं. मग गाडी उचला, चाक काढा, कॅलिपर खोलून तारेने स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या होजवर लटकवू नका. बॉल जॉइंट सोडायच्या आधी लोअर आर्मवर त्याच्या जागी पेंटने खूण करा, नाहीतर नंतर गाडी एका बाजूला ओढेल. गिअरबॉक्सकडचे बोल्ट माझ्या गाडीत १२ दात्यांचे आहेत, त्यांचा बिट वेगळाच येतो. ॲलन की ठोकून बसवायची हुशारी मी केली, एक बोल्ट गुळगुळीत झाला आणि तो काढण्यात अख्खी दुपार गेली. आधी दातांमधली घाण पिनने कोरून काढा, मगच बिट ठोका.

शाफ्ट बाहेर आला की बाहेरचा जॉइंट तांब्याच्या सळईने ठोकून निघतो, आत सर्कलिप (खाचेत बसणारी तारेची रिंग) असते. जॉइंट डिझेलने धुवा, पूर्ण वाळवा, किटमधलं सगळं ग्रीस भरा. चेसिस ग्रीस चालत नाही, सीव्हीचं काळं मॉलिब्डेनमवालंच पाहिजे. क्लिप आवळायच्या आधी बूटमधली कोंडलेली हवा बाहेर काढा.

बेअरिंग मात्र घरी हातोड्याने बसवू नका, हे मी हात जोडून सांगतो. नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग, काढून लेथवाल्याकडे प्रेसला न्यायचं. हब (ज्याला चाक बोल्टने बसतं तो भाग) दाबून काढला की बेअरिंगची आतली रिंग बऱ्याचदा हबलाच चिकटून येते, ती तो ग्राइंडरने कापतो, तेव्हा हबला ओरखडा पडू देऊ नका. नवीन बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर, हब दाबताना आधार आतल्या रिंगला. उलटं झालं तर बेअरिंग पहिल्याच दिवशी मेलं समजा. नवीन गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला एबीएसची चुंबकी पट्टी असते, ती सेन्सरकडे. टाचणी लावली की कळतं.

माझा एका बाजूचा खर्च: बूट किट १४००, बेअरिंग ३२००, प्रेसचे ५००, बिट ३५०, अलाइनमेंट ६००, मिळून ६०५०. एका गॅरेजने याच कामाचे १४ हजार सांगितले होते, कारण त्यांना अख्खा शाफ्टच बदलायचा होता. पहिल्या बाजूला मला दोन दिवस लागले, दुसऱ्याला अर्धा. वेळ पार्ट बदलायला कमी, उघडायलाच जास्त लागतो, म्हणून नकल उतरवलीच आहे आणि बेअरिंग थोडंही घूंऽऽ करतंय तर त्याच वेळी उरकून टाका.

पोर्शे ९११ सारख्या इंजिन मागे असलेल्या गाडीत मागच्या दोन शाफ्टला मिळून ४ बूट, फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ८. शिवाय आतले, म्हणजे गिअरबॉक्सकडचे, बूट गरम एक्झॉस्टच्या जवळ असल्यामुळे लवकर कडक होतात. तिथे मजुरीचा हिशोब आधीच विचारून घ्या.

नवीन ॲक्सल नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने) आवळा, जुना परत वापरू नका. मग ५०० किलोमीटरनंतर चाक फुल वळवून बूटच्या क्लिपखाली बोट फिरवा, बोट काळं झालं तर क्लिप ढिली बसली आहे.