मोठा मासा जिवंत परत कसा सोडावा

सकाळी मी एक मोठा कार्प सोडला होता. फोटो काढले, वजन केलं, मनासारखा आला नाही म्हणून आणखी एक फोटो काढला आणि मग त्याला पाण्यात ठेवलं. शेपटीचा एक फटका मारून तो खोल पाण्यात गेला. संध्याकाळी त्याच काठाला, शेवाळाच्या पट्ट्यात, तो पोट वर करून तरंगत होता. ओठाच्या कोपऱ्यात गळाची बारीकशी खूण होती, त्याने काही मासा मरत नाही. पण कुशीवर खवले विस्कटलेला एक पांढुरका पट्टा होता, बरोबर माझ्या तळहाताएवढा. मासा पोहत दिसेनासा झाला म्हणजे वाचला, हा माझा समज त्या दिवशी गेला.

गोड्या पाण्यातले महासीर, कार्प, पाइक, मोठे कॅटफिश हे मासे वाढायला वर्षानुवर्षं घेतात, आणि मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते. कावेरीच्या खोऱ्यातल्या नारिंगी परांच्या महासीराची शास्त्रीय ओळख टोर रेमादेवी म्हणून पक्की झाली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत झाली. असा एकेक मासा जपण्याजोगा आहे. म्हणून गळ टाकण्याआधी त्या पाण्याचे नियम वाचा. परवाना लागतो का, कुठली जात धरायला बंदी आहे, विणीचा हंगाम कोणता, हे माहीत असायला हवं. विणीच्या माशांच्या वाटेला जाऊच नये.

आधी हे समजून घ्या

गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने ओढतो. त्या जोरासाठी जे स्नायू वापरले जातात त्यांना ऑक्सिजन पुरत नाही, त्यामुळे लॅक्टिक आम्ल साठतं आणि रक्ताची आम्लता वाढते. ही झीज भरून यायला कित्येक तास जातात. आपण त्याला पाण्याबाहेर काढतो ते नेमकं या क्षणी. पाण्यात कल्ल्यांच्या नाजूक झालरी सुट्या सुट्या पसरलेल्या असतात. हवेत त्या ओल्या पानांसारख्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास जवळजवळ थांबतो. नुकतंच जीव तोडून धावलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबून धरावं, तसंच हे.

१९९२ मध्ये फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी रेनबो ट्राउटवर केलेला प्रयोग मला कायम आठवतो. पार दमवलेल्या, पण हवेत न काढलेल्या माशांपैकी सुमारे १२ टक्के पुढच्या १२ तासांत मेले. दमवून वर ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के मेले, आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. प्रयोगशाळेतले आकडे प्रत्येक नदीत, प्रत्येक जातीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही तीस सेकंद आणि साठ सेकंद यांत केवढा फरक आहे ते बघा. साधा एक फोटो काढायला आपण किती वेळ घेतो?

पहिली पायरी: गळ टाकण्याआधीची तयारी

मासा सोडायची अर्धी तयारी घरूनच करून निघायची असते. बारीक दोरीवर मोठा मासा खेळवण्यात कौशल्य आहे असं मानणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. दोरी जितकी नाजूक, तितका मासा जास्त वेळ झुंजतो आणि तितका जास्त थकतो. ज्या आकाराचा मासा त्या पाण्यात आहे त्याला पुरेल अशी दोरी, रॉड आणि रीळ घ्या.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. एकेरी गळ असेल तर पाच सेकंदांचं काम आहे. नकली आमिषावर तीन टोकांचे गळ असतील तर ते काढून एकेरी लावा, कारण तीन टोकांचा गळ तोंडात एकीकडे आणि डोळ्यात दुसरीकडे अडकू शकतो. खरं आमिष वापरणार असाल तर आत वळलेल्या टोकाचा सर्कल हुक घ्या. तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, घशात जात नाही. मात्र त्यावर हिसका मारायचा नसतो. दोरी ताणली की तो आपोआप फिरून बसतो.

हातजाळी मोठी हवी, बिनगाठींची आणि रबराची किंवा रबराचा लेप असलेली. गाठींच्या नायलॉन जाळीत पर फाटतात, खवले निघतात. हाताशी लांब चोचीची पक्कड, गळ कापता येईल एवढी दणकट कातरी, मासा ठेवायला जाड मऊ गादी आणि मोजपट्टी ठेवा. पाइकसारखा दातांचा मासा मिळणार असेल तर दोरीच्या टोकाला तारेचा तुकडा लावा, नाहीतर तो दोरी तोडून गळासकट निघून जाईल. गादी आणि जाळी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेताना पूर्ण वाळवा. माशांचे रोग ओल्या सामानावरून प्रवास करतात.

आणि पाण्याचं तापमान बघा. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. गरम पाण्यात माशाची गरज वाढते आणि साठा घटतो. ट्राउट, सामनसारख्या थंड पाण्यातल्या माशांसाठी पाणी २० अंशांच्या आसपास गेलं की गळ आवरून ठेवावा. वाहत्या नदीत उन्हाळ्याची पहाट बरी असते. शेवाळाने भरलेल्या तळ्यात मात्र उलट: वनस्पती रात्रभर ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तिथे तो सगळ्यात कमी असतो. अशा तळ्यात ऊन चढू द्या.

दुसरी पायरी: मासा काठाला आणणं

ताण सैल सोडू नका आणि उगाच लांबवू नका. रॉड सरळ उभा धरण्यापेक्षा बाजूला, पाण्याकडे झुकवून ओढलं की माशाचं डोकं वळतं आणि तो लवकर हाताशी येतो. कुठे उतरवून घ्यायचा ती जागा आधीच हेरून ठेवा: गुडघाभर, संथ, खडक नसलेलं पाणी. माशाला वाळूवर किंवा दगडांवर ओढून आणू नका.

जाळी पाण्यात स्थिर धरा आणि मासा डोक्याच्या बाजूने तीत येऊ द्या. जाळी घेऊन त्याच्यामागे धावलात तर तो शेवटचा जोर लावून उधळतो. जाळीत आला की घाईने वर उचलू नका. जाळीचं तोंड पाण्यावर आणि मासा पाण्यात, असं मिनिटभर राहू द्या. त्याला श्वास घेता येतो, आणि तुमच्याही हातांची थरथर कमी होते.

तिसरी पायरी: गळ काढणं

गळ शक्यतो पाण्यातच, जाळीत असतानाच काढा. पकडीने गळाची वळलेली बाजू धरा आणि ज्या वाटेने तो आत शिरला त्याच वाटेने मागे वळवा. उलटा काटा दाबलेला असेल तर बहुतेकदा एका झटक्यात सुटतो. टोक आरपार बाहेर आलं असेल तर ते कातरीने तोडा आणि उरलेला भाग मागे काढून घ्या.

गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नका. इथेच चांगल्या मनाची माणसं सर्वांत जास्त नुकसान करतात. ‘बिचाऱ्याच्या पोटात लोखंड कसं ठेवायचं’ म्हणून ती पकड खोल घालतात, आणि हृदय, यकृत, कल्ल्यांच्या कमानी असतात त्याच भागात जखम होते. माशाचं हृदय अगदी पुढे, कल्ल्यांच्या खालीच असतं. अशा वेळी दोरी गळाजवळ कापा आणि सोडून द्या. ओढून काढलेल्यांपेक्षा असे मासे जास्त जगतात. पुढे कित्येकदा गळ गंजून झिजतो किंवा सुटून पडतो. म्हणूनच न गंजणारा स्टेनलेस स्टीलचा गळ वापरू नये.

चौथी पायरी: उचलायचाच असेल तर

न उचलणं सर्वांत चांगलं. उचलायचाच असेल तर आधी हात भिजवा, गादी भिजवा, बाही कोरडी असेल तर तीही भिजवा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर बुरशी आणि जंतूंना अडवतो. तो गेला की खालच्या त्वचेवर कापसासारखी बुरशी धरते. माझ्या कार्पच्या कुशीवरचा तो पट्टा माझ्या कोरड्या हातांचा होता.

एक हात शेपटीच्या मुळाशी, जिथे शरीर निमुळतं होतं. दुसरा हात छातीच्या परांच्या जरा मागे, पोटाखाली. मासा आडवा, आणि पाण्यापासून किंवा गादीपासून वीतभरच वर, म्हणजे उसळून सुटला तरी लागणार नाही. जबड्याला धरून उभा लटकवू नका. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलत असतं. हवेत लटकवलं की सगळा भार जबड्याच्या सांध्यावर आणि पाठीच्या कण्यावर येतो. मासा जितका मोठा, तितकी इजा जास्त. कल्ल्यांत बोटं घालू नका, डोळ्यांवर हात ठेवू नका. कॅटफिशच्या पाठीच्या आणि छातीच्या परांत टणक काटे असतात, आणि ते उभे राहिले की अडकून बसतात. तिथे हात जपून.

फोटोसाठी सोबत्याने कॅमेरा आधी तयार ठेवावा, मासा तोवर पाण्यातच. ‘हं’ म्हटलं की उचला, दहा सेकंदांत परत पाण्यात. मी मासा उचलताना स्वतःचा श्वास रोखतो. मला हवा लागली की त्याला पाणी लागलंच. दुसरा फोटो हवा असेल तर त्याला आधी पाण्यात नीट श्वास घेऊ द्या.

वजनासाठी माशाला वजनकाट्याला टांगायची गरज नाही. पाण्यातच त्याची लांबी आणि सर्वांत जाड भागाचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग करा, लांबीने गुणा आणि २९,००० ने भागा. किलोतलं अंदाजे वजन मिळतं. १०० सेंटीमीटर लांब आणि ६० घेराचा मासा सुमारे १२.४ किलोंचा. लांबट किंवा चपट्या जातींत हा अंदाज थोडा चुकतो. नेमकं वजन हवंच असेल तर ओल्या झोळीत आडवा ठेवून करा.

पाचवी पायरी: सोडणं

माशाला पाण्यात फेकू नका. दोन्ही हातांनी सरळ धरा, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला. प्रवाह हलका हवा. दमलेला मासा जोराच्या धारेत उलटा पडतो. पाणी संथ असेल तर त्याला सावकाश पुढे पुढे न्या, आठचा आकडा काढल्यासारखं. पुष्कळ जण मासा मागे-पुढे हलवतात, ते चूक आहे. पाणी तोंडातून आत येऊन कल्ल्यांतून बाहेर जायला हवं. मागे ओढलं की ते उलटं शिरतं.

तो तयार झाला का, हे चार खुणांवरून कळतं. कल्ल्यांची झाकणं एका लयीत उघडमीट करतात. हात सैल केला तरी तो सरळ राहतो. अंग जरा कलतं केलं तर डोळा आपल्या जागी समपातळीत फिरतो. आणि शेपूट हलकेच चिमटीत धरली तर तो झटका देतो. या शेवटच्या खुणेची मी नेहमी वाट पाहतो. शेपटीचे स्नायू बोटांखाली आधी मऊ लागतात, मग एकदम ताठतात, आणि मासा स्वतःहून हात सोडवून घेतो. त्याला कधी दोन मिनिटं लागतात, कधी वीस. तोवर थंड पाण्यात उभं राहायची तयारी ठेवा.

दोन बाबतींत नियम वेगळा. अरापाइमा हा दक्षिण अमेरिकेतला प्रचंड मासा आणि मोठ्या जातीचे मरळ हवेतला श्वास घेतात. दमल्यावर त्यांचं डोकं पाण्याखाली दाबून धरलं तर ते गुदमरतात; त्यांचं तोंड पाण्यावर येऊ द्यायला हवं. दुसरं, खोल पाण्यातून वर आणलेले पर्च, झँडर, बास. यांना वाताशयातली, म्हणजे तरंगण्यासाठी पोटात असलेल्या हवेच्या पिशवीतली, हवा झटकन बाहेर सोडता येत नाही. दहा मीटरच्या खालून आणलं की पोट फुगतं, कधी तोंडातून पिशवीसारखं काही बाहेर येतं. ते वाताशय नसून जठर असतं, त्याला टोचू नका. अशा माशाला गळ काढताच लगेच खाली जाऊ द्या, आणि सोडूनच द्यायचे असतील तर इतक्या खोलवर गळ टाकू नका. कार्प आणि कॅटफिशला ही अडचण सहसा येत नाही, कारण त्यांच्या वाताशयाची नळी अन्ननलिकेत उघडते.

मासा गेला की लगेच पुढचा गळ टाकू नका. दहा मिनिटं तिथेच थांबा आणि काठालगतचं, खालच्या अंगाचं पाणी न्याहाळा. कधी कधी तो थोडं पुढे जाऊन कलंडतो, पांढरं पोट वर दिसतं. तेव्हा जाळीने हलकेच त्याला जवळ घ्या, सरळ धरा, आणि शेपूट ताठेपर्यंत पुन्हा थांबा.