आयबी, स्ट्रॅटेजी, आंत्रप्रेन्युअरशिप पुण्यात शिकताय? मग आधी एक वस्तू पकडा

बीबीए आयबी (इंटरनॅशनल बिझनेस) असो नाहीतर एमबीए, या तीन विषयांचा प्रॉब्लेम असा की आदल्या रात्री गाईड वाचून पास होता येतं आणि वर्षभरानं कुणी विचारलं तर पोर्टरच्या फाइव्ह फोर्सेसमधले (धंद्यातली स्पर्धा ठरवणाऱ्या पाच गोष्टी) जेमतेम तीन आठवतात. त्यामुळे माझं म्हणणं एकच आहे, पहिल्या सेमिस्टरलाच एक वस्तू आणि एक कंपनी ठरवायची आणि डिग्री संपेपर्यंत ती सोडायची नाही, सर जो चॅप्टर शिकवतील तो त्याच्यावर लावून बघायचा.

ॲडमिशनचं पटकन सांगतो कारण तेच जास्त विचारतात. बारावीनंतर बीबीए, बीबीए आयबी घ्यायचं तर २०२४ पासून सीईटी सेलची वेगळी सीईटी आली आहे, काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून ऑनर्स वगैरे केलंय, तिथे सीईटी लागते का ते कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. एमबीएला पुणे विद्यापीठाचा स्वतःचा मॅनेजमेंट विभाग पुम्बा आणि संलग्न कॉलेजं एमबीए सीईटीतून, हिंजवडीचं सिम्बायोसिसचं एसआयआयबी त्यांच्याच स्नॅप परीक्षेतून. कॉलेज कुठलंही मिळो, पुढचं सगळं तुम्हालाच करायचंय.

आता वस्तू. मोबाईल ॲप घेऊ नका प्लीज, सगळे तेच घेतात आणि त्यात ना कंटेनर ना कस्टम्स. घरातलं कुणीतरी ज्यात आहे ते घ्या, म्हणजे भोसरीत काकांचं वर्कशॉप असेल तर तिथला एखादा मशीनिंगचा पार्ट, सासवडकडचे असाल तर अंजीर, नारायणगावला मामाची बाग असेल तर द्राक्ष. मी द्राक्षच धरून सांगतो.

पहिलं काम एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीत प्रत्येक मालाला असलेला ठरावीक नंबर. ताजी द्राक्षं ०८०६१०००. यातले ०८ म्हणजे फळं आणि सुका मेवा, पुढचे ०६ म्हणजे द्राक्ष, त्यानंतरचे १० म्हणजे ताजी, तिथे २० आलं की झाला बेदाणा. पहिले सहा आकडे जगभर सारखे, शेवटचे दोन आपल्या देशाचे. हा कोड हातात आला की ट्रेड मॅपवर (देशोदेशीच्या व्यापाराचे आकडे देणारी साइट) किंवा वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर टाका, आपली द्राक्षं कुठे जातात ते दिसतं, नेदरलँड्स एवढं वर का हा प्रश्न स्वतःला विचारा (डच लोक एवढी द्राक्षं खात नाहीत, रॉटरडॅम बंदर आहे, तिथून माल पुढे युरोपभर जातो). एका प्रश्नात अर्धा चॅप्टर होतो.

मग इनकोटर्म्स, म्हणजे खर्च आणि रिस्क कुठपर्यंत विकणाऱ्याची आणि कुठून खरेदीदाराची ते सांगणारे ठरावीक शब्द. २०२० च्या आवृत्तीत अकरा आहेत, पाठ करत बसू नका, आधी एफओबी (विकणारा माल जहाजावर चढवून देतो, पुढचं भाडं खरेदीदाराचं) आणि सीआयएफ नीट समजून घ्या. सीआयएफमधे भाडं आणि विमा विकणारा भरतो म्हणून पोरं लिहितात की माल पोचेपर्यंत रिस्क विकणाऱ्याची. चूक. रिस्क न्हावा शेवाला माल जहाजावर चढला तिथेच खरेदीदाराकडे जाते, दोन्हीत. आणि कंटेनरच्या मालाला खरंतर एफसीए (माल वाहतूकदाराच्या हवाली केला की रिस्क खरेदीदाराची) वापरा असं हे नियम काढणारं इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच सांगतं तरी बाजारात सगळे एफओबीच लिहितात, व्हायवात हे बोललात तर एक्झामिनर मान वर करून बघतो.

नॉन टॅरिफ बॅरियर, म्हणजे ड्युटी न लावता नियमांनी माल अडवणं, हा सगळ्यात बोअर टॉपिक वाटतो ना, त्याला २०१० सालची द्राक्षाची केस वाचा. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला क्लोरमेक्वाट क्लोराईड मारतात, शेतकरी त्याला लिहोसिन म्हणतात. आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच, युरोपात तपासलं, मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. ड्युटी एक पैशानं वाढली नव्हती तरी धंदा बसला. द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या मांजरीलाच आहे, रेसिड्यूची म्हणजे फळात उरलेल्या औषधांच्या तपासणीची कामं तिथे चालतात, कॉलेजचं पत्र घेऊन व्हिजिट मागून बघा. आणि हीच केस स्ट्रॅटेजीला पण वापरा, युरोपचे सुपरमार्केटवाले कसे वाकवतात म्हणजे बायरची पॉवर, चिली आणि साउथ आफ्रिका म्हणजे रायव्हलरी, परत काही शिकायलाच नको.

स्ट्रॅटेजीला मात्र एक लिस्टेड कंपनी पाहिजे, कारण तिचे वार्षिक अहवाल बीएसईच्या साइटवर फुकट मिळतात. माझी शिफारस आकुर्डीची बजाज. २००९ च्या डिसेंबरात त्यांनी स्कूटर बंद करायचं जाहीर केलं, 'हमारा बजाज' वाली कंपनी, आणि सगळा जोर मोटरसायकलवर. पोर्टर म्हणतो की स्ट्रॅटेजी म्हणजे काय करायचं नाही ते ठरवणं, त्याचं याहून चांगलं देशी उदाहरण मला तरी माहीत नाही. पण पुढे ॲक्टिव्हानं स्कूटरचं मार्केट कुठल्या कुठे नेलं आणि २०२० मधे चेतक परत आली, इलेक्ट्रिक होऊन. मग निर्णय बरोबर की चूक? दोन्ही बाजूंनी एक एक पान लिहा, त्या त्या वर्षीचा अहवाल समोर ठेवून, म्हणजे आज माहीत असलेलं तेव्हा माहीत होतं असं धरायचं नाही. आयबीसाठी त्याच कंपनीत केटीएम ही ऑस्ट्रियाची मोटरसायकल कंपनी आहे, २००७ मधे बजाजनं तिचे साडेचौदा टक्के शेअर घेतले, मग गाड्या चाकणला बनायला लागल्या, २०२४ च्या शेवटी केटीएम ऑस्ट्रियात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२५ मधे बजाजनं पैसे घालून ती सावरली. एका कंपनीवर दोन पेपर निघतात.

आंत्रप्रेन्युअरशिपबद्दल माझं मत थोडं कडू आहे. पिच कॉम्पिटिशन म्हणजे बराचसा पीपीटीचा खेळ, एखादी करा, सर्टिफिकेट घ्या आणि बास. त्याऐवजी संशोधक सरस सरस्वती यांचं इफेक्च्युएशन वाचा, नोबेल विजेते हर्बर्ट सायमन यांचे मार्गदर्शन घेऊन त्यांनी सत्तावीस अनुभवी उद्योजकांना मोठ्यानं विचार करायला लावलं आणि निघालं काय तर हे लोक आधी मार्केट रिसर्च करून टार्गेट ठरवत नाहीत, हातात काय आहे आणि किती बुडालं तरी चालेल इथून सुरू करतात. हे करून बघणं सोपं आहे, मामाकडचा बेदाणा आणा, एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थांची सरकारी संस्था) बेसिक रजिस्ट्रेशन काढा आणि पावशेराची पाकिटं सोसायटीत विका. वहीत पाकीट, लेबल, रिक्षा, उधारी सगळं मांडा. उधारी वेगळ्या रंगात. वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजच्या धंद्यात अडकणारा पैसा, कुठल्याही स्लाइडपेक्षा तिथे कळतं. विज्ञानातलं काही बनवत असाल तर पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेतलं व्हेंचर सेंटर, नव्या स्टार्टअपना जागा आणि मदत देणारं, खरंच कामाचं आहे, नुसती आयडिया घेऊन मात्र जाऊ नका.

भाषेचं एक. चाकणमधे जर्मन कंपन्या आहेत, एफसी रोडला रानडे इन्स्टिट्यूटमधे विद्यापीठाचे जर्मन, जपानीचे कोर्स चालतात, पहिल्या वर्षीच सुरू करा, शेवटच्या वर्षी प्लेसमेंटच्या गडबडीत होत नाही.

एसआयपीला (उन्हाळी इंटर्नशिपचा प्रोजेक्ट) बहुतेक जण मोठ्या कंपनीत सर्व्हे भरून घेण्याचं काम घेतात. त्यापेक्षा सीएचए म्हणजे कस्टम ब्रोकरचं ऑफिस किंवा भोसरी चाकणच्या मध्यम कंपनीचं एक्स्पोर्ट डेस्क बघा. स्टायपेंड मिळेलच असं नाही पण इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) हे चार कागद शेजारी शेजारी ठेवून वजन जुळतंय का बघायचं काम मिळालं तर सोडू नका. पॅकिंग लिस्टवर ग्रॉस वजन एक आणि शिपिंग बिलावर दुसरं एवढ्यावरून माल थांबतो. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला, कुठून येतं तेही तिथेच दिसेल, पुण्यात एमसीसीआयए हे व्यापारी चेंबर देतं, सेनापती बापट रोडला. आयईसी (आयात-निर्यातीचा परवाना नंबर) काढायला फक्त पाचशे रुपये आणि ऑनलाइन, पण एडी कोड (कस्टम्सकडे नोंदवायचा आपल्या बँकेचा कोड) याच्याशिवाय पुढे गाडी हलत नाही, आणि जीएसटी आधी न भरता माल पाठवायचा तर एलयूटी हे हमीपत्रही लागतं, हे फॉर्म भरताना कुणाच्या तरी मागे उभं राहून बघा. रिपोर्टमधे त्या कागदांच्या कॉपी लावायच्या असतील तर आधी मालकाला विचारा आणि खरेदीदाराचं नाव आणि रेट काळा करून घ्या, नाहीतर पुढच्या बॅचला ते दारात उभं करणार नाहीत.