मुख्य रस्त्यावर सावलीची झाडं लावताय? या चुका टाळा

एप्रिलच्या दुपारी गुलमोहराखाली उभं राहून बघा. फांद्यांना वाळलेल्या शेंगा लटकतायत, पानांचा पत्ता नाही. मे महिन्यात तो लालभडक होईल, फोटो काढावा असा दिसेल. पण ज्या महिन्यात सिग्नलला थांबलेल्या माणसाचं डोकं तापतं, त्याच महिन्यात हे झाड रिकामं. बहाव्याचंही तेच. झुंबरं सुंदर, सावली नाही. रस्त्यासाठी झाड निवडताना फुलं बघितली जातात, ही पहिली चूक. बघायचं ते एवढंच की ऐन उन्हाळ्यात याच्या अंगावर पानं असतात का.

करंजाची जुनी पानं उन्हाळ्याच्या तोंडावर झडतात, पण लगेच पोपटी पालवी फुटते आणि ऊन चढेपर्यंत झाड गच्च होतं. कडुनिंबाचंही तसंच. बकूळ बारमाही दाट, फक्त वाढते सावकाश, तेवढा धीर लागतो. जांभूळ सावलीला उत्तम. मात्र जूनमध्ये फळांचा सडा पडला की दुचाकी घसरतात, म्हणून ते रस्त्याच्या कडेपासून आत असावं. सप्तपर्णी भराभर वाढते, पण पाऊस संपल्यावर ती फुलली की रात्री तिच्या उग्र वासाने डोकं धरतं. एखाद-दुसरी चालते, रुग्णालयासमोर ओळीने दहा नकोत. आणि ज्याला आपण सर्रास अशोक म्हणतो तो खांबासारखा सरळ आसुपालव! त्याची सावली विजेच्या खांबाहून फार मोठी नसते. कोनोकार्पसचा मोहही टाळा. हिरवागार राहतो, पटकन वाढतो, पण गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

सगळा रस्ता एकाच जातीचाही करू नका. कडुनिंबाचे शेंडे वाळण्याचा बुरशीजन्य रोग येतो, तेव्हा अख्खी रांग एकदम तपकिरी दिसते आणि लोक घाबरून कुऱ्हाड शोधतात. घाई नको. फांदीची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे आणि बहुतेकदा पुन्हा फुटतं.

जागेबद्दल एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. दुभाजकातली झाडं दिसायला छान, पण त्यांच्याखाली चालतं कोण? सावली हवी बसथांब्यावर, सिग्नलच्या आधीच्या पट्ट्यात, फूटपाथवर. दक्षिणोत्तर रस्ता असेल तर दुपारी ऊन पश्चिमेकडून येतं. पश्चिमेच्या फूटपाथला मागच्या इमारतींची सावली मिळते, पूर्वेचा भाजून निघतो. झाडं थोडीच असतील तर आधी पूर्वेच्या बाजूला, आणि तीही फूटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला लावा. म्हणजे सावली चालणाऱ्यावर पडेल, कुंपणाच्या भिंतीवर नाही.

आता खड्डा. रस्त्यावरची बहुतेक झाडं पाण्यावाचून मेली असं आपण म्हणतो; माझ्या मते त्याहून जास्त झाडं खड्ड्यामुळे मरतात. पेव्हर ब्लॉक काढून पहार मारली की खाली काय निघतं? डांबराचे तुकडे, विटा, सिमेंटचा गोळा, कधी गुटख्याच्या पुड्यांचा थर. रस्त्याच्या कडेला माती नसतेच, असतो तो राडारोडा. त्यात फूटभर भोक पाडून रोप खोचलं की वृक्षारोपणाचे पाहुणे जाईपर्यंत ते हिरवं राहतं. खड्डा निदान तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल हवा. निघालेला राडारोडा परत आत ढकलायचा नाही. पोयटा माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून भरा, वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड टाका. नुसती शेतातली काळी माती नको: पावसात चिखल, उन्हात भेगा.

भरण्याआधी एक परीक्षा घ्या. संध्याकाळी खड्डा पाण्याने भरा. सकाळी पाणी तसंच असेल तर तळाला कातळ किंवा कडक मुरूम आहे. पहारेने तळ फोडा, नाही फुटला तर जागा बदला. आणि हो, खणण्याआधी केबल कुठून जाते ते पालिकेला विचारा, वर तारा आहेत का तेही बघा. तारांखाली वड लावला तर तो दरवर्षी मुंडला जाणार.

5 जूनचा, म्हणजे पर्यावरण दिनाचा मुहूर्तही नडतो. त्या दिवशी राज्याच्या बऱ्याच भागात मोसमी पाऊस पोचलेलाच नसतो. 1950 पासून वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो, ते शहाणपणाचं आहे. दोन-तीन चांगल्या सरी होऊन जमीन आतपर्यंत ओली झाली की लावा.

लावताना प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण काढा. हसू नका, पिशवीसकट पुरलेली रोपं मी उपटून पाहिली आहेत. हुंडीभोवती, म्हणजे रोपाच्या मातीच्या गोळ्याभोवती, मुळ्या गोल गुंडाळल्या असतील तर बाहेरच्या कापून मोकळ्या करा, नाहीतर दोन-तीन वर्षांनी झाड हलायला लागतं आणि एका वादळात आडवं होतं. मुळ्या सुरू होतात तो खोडाचा भाग मातीच्या पातळीत ठेवा, खोल गाडू नका. काठीला बांधताना तार नको, काथ्या सैलसर आठच्या आकड्यासारखा गुंडाळा.

पुढे काही बिघडलं तर पानं सांगतात. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या: मातीत सिमेंट-चुना उतरला आहे, वरची माती बदला. पानांच्या कडा करपल्या: पाणी कमी, किंवा वरवरचं. पहिल्या उन्हाळ्यात रोज तांब्याभर ओतण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर द्या, आळ्यात पालापाचोळा पसरा. टँकरवाल्याला पाइपाची धार बुंध्यावर मारू देऊ नका, माती वाहून मुळं उघडी पडतात. जुनी पानं पिवळी आणि माती सतत ओली: पाणी तुंबलंय.

फरसबंदी वर उचलली गेली की मुळं तोडायची नसतात, ब्लॉक मागे घ्यायचे असतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेवढी जागा आपणही सुरुवातीपासून सोडू शकतो. फांद्या छाटायच्या तर महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच कोयता घेऊन चढू नका.

राहिली रोपाभोवतीची लोखंडी जाळी. ती बसवताना समारंभ होतो, काढायला मात्र कुणी येत नाही. आमच्या रस्त्यावरच्या एका करंजाने जाळीची कडी सालीत गिळली होती. ग्राइंडर आणून ती कापायला अर्धा दिवस गेला, आणि एक तुकडा अजून खोडातच आहे. तिसऱ्या वर्षी जाळी काढायची हे पाटीवर, देणगीदाराच्या नावाखालीच लिहून ठेवा.