गणपतीच्या आठवड्याचं रोस्टर

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यावर पहिली नोकरी लागली ती कोकणातल्याच एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात. मुलाखतीत पगार विचारायचीसुद्धा लाज वाटली होती. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही म्हणून तुम्हाला आधी सांगते, दोन गोष्टी विचाराच. नाईटला वॉर्डात सिस्टर किती असतात? आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेणार का? माझी ठेवून घेतली होती. त्या कागदांपायी दोन वर्षं जागची हलले नाही.

पगाराचा एक आकडा तोंडपाठ ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर केंद्राने समिती नेमली होती. तिने 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही किमान 20,000 रुपये द्यावेत असं म्हटलं. 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी सिस्टरइतकाच पगार. ही शिफारस आहे, त्यामुळे मागितलं की मिळेलच असं नाही. पण पोरीला माहीत आहे, एवढं तरी समोरच्याला कळतं.

आता खरी गोष्ट, जी कॉलेजात मॅनेजमेंटच्या पेपरापुरती पाठ करतात. वॉर्डात एका जागी चोवीस तास एक सिस्टर हवी असेल तर माणसं किती लागतील? नवीन मुली हमखास सांगतात, तीन. मांडून बघा. दिवसाला तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या 21 ड्युट्या, एक जण करते सहा. म्हणजे साडेतीन. त्यावर नर्सिंग कौन्सिलच्या निकषातली 30 टक्के रजा राखीव धरा, की साडेचारच्या वर गेलं. एका जागेला!

तसंच 1:5 चं, म्हणजे पाच खाटांमागे एक सिस्टर. 30 खाटांना सहा सिस्टर, हे ऐकायला बरं वाटतं. पण प्रत्येक पाळीला सहा, की सगळ्या मिळून सहा? मिळून सहा धरल्या तर आठवड्याच्या 36 ड्युट्या 21 पाळ्यांत वाटायच्या. कुणी रजेवर नसतानासुद्धा पाळीला धड दोन येत नाहीत. आकडा तोच, पण अर्थ लावण्यात साडेतीनपट फरक. मीटिंगमध्ये कुणी प्रमाण सांगितलं की मी आधी हेच विचारते. साहेबांना आवडत नाही.

आपलं काम बिलात दिसत नाही, हे दुसरं दुखणं. डॉक्टरांची व्हिजिट दिसते, सलाईन दिसतं. आजोबांना दर दोन तासांनी कूस बदलून दिली ती कुठे दिसते? नाही दिली तर बेडसोर, म्हणजे पडून पडून जखम होते, मुक्काम लांबतो, ड्रेसिंगचा खर्च वाढतो, आणि तो मात्र दिसतो. म्हणून मालकाच्या हिशेबात सिस्टर म्हणजे नुसता खर्च. त्यातून एक मुलगी मुंबईला किंवा गोव्याला गेली की तिच्या जागी आलेलीला वॉर्ड अंगवळणी पडेपर्यंत तीन महिने जुन्या सिस्टरच दोघींचं काम ओढतात. हा खर्च तर कुठल्याच वहीत नसतो.

पुढे सरकारी सेवेत आले. परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, झाले तेव्हा वाटलं, आता खुर्ची मिळाली. मिळाली पेन्सिल आणि खोडरबर, रोस्टर म्हणजे ड्युट्यांचा तक्ता आखायला. एका पावसात वॉर्डात तापाचे, लेप्टोचे पेशंट भरलेले, नाईटला एकटी सिस्टर आणि एक मावशी. रात्री दहाचं अँटिबायोटिक शेवटच्या खाटेपर्यंत पोचायला साडेअकरा वाजायचे. मी तक्रार लिहिली नाही. महिनाभर प्रत्येक नाईटला पहिला डोस किती वाजता, शेवटचा किती वाजता, एवढंच वहीत लिहायला लावलं आणि ती वही मॅट्रन मॅडमपुढे ठेवली. नवीन पोस्ट काही आली नाही. पण ओपीडीकडची एक इव्हिनिंगची सिस्टर रात्री अकरापर्यंत आमच्याकडे देऊन तिची दुपारची वेळ पुढे ढकलली. तेवढ्यावर तो पावसाळा निघाला.

रोस्टरची खरी परीक्षा भादव्यात. चाकरमानी येतात, हायवेवर अपघात वाढतात, आणि नेमक्या तेव्हाच सगळ्यांना रजा हवी असते. नवीन लग्न झालेलीचा गौरीपुढचा पहिला ओवसा असतो, तिला नाही कसं म्हणणार? लातूर-नांदेडकडच्या मुली इथे आहेत म्हणून आमचं निभतं. त्या गणपतीला थांबतात आणि दिवाळीला सलग गावी जातात. अर्थात त्या बदलीचा अर्जही भरून बसलेल्या असतात, आणि बदली झाली की ती जागा कधी भरेल याचा नेम नाही.

यंदा चतुर्थीची नाईट कुणीच घेईना. शेवटी सावंतवाडीकडची आमची ख्रिश्चन सिस्टर म्हणाली, "मी करते ताई, पण 24 डिसेंबरची नाईट आत्ताच दुसऱ्या कुणाच्या नावावर लिहा. पेन्सिलने नको, पेनाने."