बॅकअपमधले फोटो सापडत नाहीत किंवा उघडत नाहीत? आधी ती डिस्क काढून ठेवा

हार्डडिस्क आत्ता कॉम्प्युटरला लावलेली असेल तर आधी सेफली रिमूव्ह करून बाजूला ठेवा, मग पुढचं वाचा. खरंच. फोटो डिलीट झाला किंवा फोल्डर गायब झाला म्हणून तो डिस्कवरून लगेच पुसला जात नाही, फक्त त्याची जागा 'रिकामी' अशी नोंद होते, आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग मात्र तो गेला. आणि डिस्क नुसती लावून ठेवली तरी विंडोज तिच्यावर मधूनमधून काहीबाही लिहीत असतं, आपल्याला कळत पण नाही.

दुसरं म्हणजे डिस्क लावल्यावर 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर कॅन्सल. 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं तरी आत्ता नको. त्यामागे विंडोजची चेकडिस्क चालते, ती डिस्कची घडी नीट बसवण्यासाठी आहे, तुमचे फोटो वाचवण्यासाठी नाही, ती तुटलेले तुकडे उचलून फाउंड डॉट झिरो झिरो झिरो नावाच्या लपलेल्या फोल्डरात सीएचके नावाने टाकून देते. कुणी ती आधीच चालवली असेल तर घाबरू नका, त्या सीएचके फाईल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून नावाच्या शेवटी जेपीजी लावून बघा, बरेचदा त्यात फोटो असतात.

हे सगळं लिहायला बसले ते माझ्या आत्यामुळे. आमचं मूळ घर पुण्यात शनिवार पेठेत, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा घरातले सगळे अल्बम पाण्यात गेले. साताऱ्याला नातेवाइकांकडे होते तेवढेच काही फोटो राहिले, ते चुलतभावाने २०१२ मध्ये स्कॅन केले आणि आत्याच्या कॉम्प्युटरवर टाकले, आणि बॅकअप म्हणून एका एक्स्टर्नल डिस्कवर. मग कॉम्प्युटर भंगारात गेला. या दिवाळीत डिस्क लावली तर फोटोच नाहीत. आत्याचा फोन, "अगं, एकदा पुरात गेले, आता परत गेले बघ." त्यानंतरच्या दोन आठवड्यांत जे शिकले आणि त्याआधी ओळखीच्यांच्या डिस्क बघताना जे कळलं होतं ते सगळं एकत्र लिहिते.

आधी केबल बदला. हसू नका, त्या चपट्या रुंद पिनच्या केबल हमखास सैल होतात आणि मग डिस्क दिसते, नाहीशी होते, कॉपी अर्ध्यात अडकते. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत दुसरी केबल घ्या, डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टला न लावता मागच्या पोर्टला लावा, मध्ये यूएसबी हब नको. मोठी साडेतीन इंची डिस्क असेल तर तिला वेगळा अडॅप्टर लागतो, तो पण तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं, तिथे पिवळा कॉशन आला आणि पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे वाचता न आलेल्या जागांचा, आकडा शून्य नसेल तर डिस्क आजारी आहे. आणि डिस्कमधून टकटक, खरखर असा आवाज येत असेल तर इथेच थांबा, घरी काहीही करू नका, ते काम डेटा रिकव्हरी लॅबचं, कारण आतलं हेड, म्हणजे वाचणारं टोक, प्लॅटरला, म्हणजे फिरत्या तबकडीला, घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला फोटो खरवडले जातात. लॅबवाल्याला आधी विचारा की तपासणीचे किती आणि डेटा नाही मिळाला तर किती, आणि लेखी घ्या. ओळखीच्या साध्या रिपेअर दुकानात डिस्क उघडू देऊ नका, धुळीचा एक कण पुरतो.

डिस्क शांत असेल तर पहिलं काम म्हणजे नक्कल. फोटो शोधणं नाही, दुरुस्ती नाही, नक्कल. डिस्क धडधाकट असेल तर विंडोजमधलीच रोबोकॉपी कमांड चांगली, एक्सप्लोरर मध्येच एका फाईलला अडखळून बसतो, ही पुढे जाते. फक्त तिला रीट्राय १ आणि वेट १ सांगायला विसरू नका, कारण काही न सांगता सोडली तर ती न वाचता येणारी एकच फाईल १० लाख वेळा वाचायचा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून! आजारी डिस्कसाठी मात्र लिनक्सची लाईव्ह पेनड्राइव्ह (विंडोजऐवजी कॉम्प्युटर तिच्यावरूनच सुरू होतो) बनवा आणि डीडीरेस्क्यू वापरा. ती अख्ख्या डिस्कची एक इमेज फाईल बनवते, आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलते आणि अवघड जागा शेवटी बघते, आणि कुठपर्यंत आलो ते मॅप फाईलमध्ये लिहून ठेवते, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी पुन्हा तिथूनच सुरू होतं. मॅप फाईल द्यायला विसरू नका. आणि कुठली डिस्क कुठून कुठे हे तीनदा वाचा, उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल. नक्कल ज्या डिस्कवर घेताय तिचा फॉरमॅट एफएटी३२ नको, तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, एनटीएफएस किंवा एक्सएफएटी करून घ्या.

इथून पुढचं सगळं नक्कलेवर.

आता शोधाशोध. माझा अनुभव असा की 'फोटो गेले' म्हणणाऱ्यांचे फोटो बरेचदा गेलेले नसतात, दिसत नसतात. म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअर डाऊनलोड करायच्या आधी हे बघा.

शॉर्टकट व्हायरस आपल्याकडे सायबर कॅफे आणि झेरॉक्सच्या दुकानांतून घरोघर गेलेला आहे. फोल्डर शॉर्टकट झालेले दिसतात, खरे फोल्डर तिथेच लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका. फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाईल दाखवा म्हणा आणि त्याच यादीत खाली 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल लपवा' याची खूण पण काढा, नुसती पहिली खूण पुरत नाही कारण व्हायरस सिस्टिमची खूण पण लावतो. फोल्डर दिसले की आतले फोटो दुसरीकडे कॉपी करा.

दुसरं, बॅकअप कशाने घेतला होता ते आठवा. विंडोज ७ च्या बॅकअपमध्ये फोटो असे सरळ दिसत नाहीत, बॅकअप सेट आणि तारीख अशा फोल्डरात 'बॅकअप फाईल्स १', '२', '३' अशा झिप असतात, शेकड्याने. आत्याचे फोटो इथेच होते! विंडोज १० आणि ११ मध्ये कंट्रोल पॅनेलला 'बॅकअप अँड रिस्टोअर विंडोज ७' अजून आहे, तिथून दुसरा बॅकअप निवडता येतो, नाहीतर सेव्हन झिप या सॉफ्टवेअरने सरळ झिप उघडा. विंडोजचं फाईल हिस्टरी वापरलं असेल तर डेटा फोल्डरात फोटो आहेत पण प्रत्येक नावाच्या शेवटी तारीख-वेळ चिकटलेली असते, म्हणून नावाने शोधलं तर लोकांना सापडत नाही. सिस्टिम इमेज, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची नक्कल, घेतली असेल तर व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स नावाची अवाढव्य फाईल असते, तिच्यावर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते. मॅकची डिस्क विंडोजला लावली तर विंडोजला ती कळत नाही आणि ते फॉरमॅट करू का विचारतं, डिस्क बिघडलेली नसते, मॅकलाच लावा. मॅकवर फोटोज लायब्ररीवर राईट क्लिक करून शो पॅकेज कंटेंट्स केलं की आत ओरिजिनल्स फोल्डर असतो, जुन्या मॅकवर मास्टर्स. पण ऑप्टिमाइझ स्टोरेज चालू असेल तर मूळ फोटो मॅकवर नसतातच, आयक्लाउडवर असतात, मग बॅकअपमध्ये कुठून येणार. वनड्राइव्हचं पण तसंच, ढगाचं चिन्ह असलेली फाईल म्हणजे नुसती पाटी, सामान क्लाउडवर.

आणि एक, 'जुना कॉम्प्युटर' मध्ये 'डी ड्राइव्ह' मध्ये 'बॅकअप' मध्ये 'नवीन फोल्डर' मध्ये 'नवीन फोल्डर २' असं करत करत पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की बरेच प्रोग्रॅम फाईल उघडतच नाहीत. फोटो ठणठणीत असतो. वरच्या फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करा, उघडतो.

फोटो दिसतोय पण उघडत नाही, तर आधी साइझ बघा. शून्य बाइट असेल तर त्या फाईलमध्ये काहीच नाही, वेळ घालवू नका, दुसरी प्रत शोधा. टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी ४ केबीची फाईल असेल तर तो फोटोच नाही, मॅकने शेजारी ठेवलेली चिठ्ठी आहे, खरा फोटो त्याच नावाने, टिंब आणि अंडरस्कोरशिवाय असतो. एचईआयसी असेल तर ती आयफोनची फाईल, २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून बहुतेक आयफोन, सेटिंग बदललं नाही तर, असेच फोटो काढतात. त्याला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं एचईआयएफ इमेज एक्सटेन्शन्स लागतं, सोबत एचईव्हीसीचं पण लागू शकतं. एका मैत्रिणीने असे शेकडो फोटो करप्ट समजून डिलीटला लावले होते, रिसायकल बिनमधून काढले म्हणून बरं.

साइझ बरोबर आहे तरी उघडत नाही, तर एचएक्सडी हा हेक्स एडिटर (फाईलमधले कच्चे बाइट दाखवणारं सॉफ्टवेअर) घ्या, फुकट आहे, आणि नुसतं बघा, काही बदलू नका. जेपीजीची सुरुवात एफएफ डी८ एफएफ अशी असते. अशी असेल तर फोटो आत आहे, कुठेतरी मध्ये खराब झालाय. सगळीकडे शून्यं-शून्यं असतील तर नाव आणि साइझ राहिली, आतला मजकूर कधी लिहिलाच गेला नाही, बहुतेक कॉपी चालू असताना केबल ओढली. याला कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सुरुवात चित्रविचित्र आहे आणि सगळ्याच फाईलच्या नावाच्या शेवटी एकच अनोळखी शेपूट लागलंय, शेजारी पैसे मागणारी टेक्स्ट फाईल, तर ते रॅन्समवेअर, म्हणजे फाईलना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. फाईल जपून ठेवा आणि नो मोअर रॅन्सम या साइटवर बघा, २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि दोन सिक्युरिटी कंपन्यांनी ती सुरू केली, काही जातींच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात.

अर्धा फोटो नीट आणि खाली करडा, किंवा मध्येच रंग बदलून सगळं सरकलेलं, असं का होतं सांगते. जेपीजी फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनाचा सरासरी रंग 'मागच्यापेक्षा किती वेगळा' असा लिहिते, वरून खाली, ओळीने. एका ठिकाणी चूक झाली की पुढचे सगळे चौकोन त्या चुकीवर मोजले जातात. म्हणून वरचा भाग शाबूत राहतो आणि खालचा बिघडतो. सुरुवातीचा हेडर, म्हणजे फोटो कसा उघडायचा ते सांगणारा भाग, उडाला असेल तर त्याच कॅमेऱ्याने, त्याच साइझने काढलेल्या चांगल्या फोटोचा हेडर लावून फोटो उघडता येतो. तसं करणारी सॉफ्टवेअर मिळतात. कॅमेऱ्याच्या फोटोत आतच एक छोटा थंबनेल असतो, बहुतेक १६० बाय १२०, आणि बरेचदा मोठा प्रिव्ह्यू पण, एक्झिफटूल नावाच्या सॉफ्टवेअरने तो बाहेर काढता येतो. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाईल असेल तर आत चांगला मोठा जेपीजी मिळायची शक्यता भरपूर.

फोटो खरंच डिलीट झाले असतील तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही रिकव्हरी सॉफ्टवेअर, दोन्ही एकाच पॅकेजमध्ये आणि फुकट. आधी टेस्टडिस्क, कारण तिने परत आलेल्या फाईलची नावं शाबूत राहतात. नाही जमलं तर फोटोरेक. ती नावं-फोल्डर बघतच नाही, डिस्कवर ती जेपीजीची सुरुवात शोधत जाते, म्हणून फॉरमॅट झालेल्या डिस्कवरूनही फोटो काढते, पण सगळ्यांची नावं एफ आणि आकडे अशी होतात आणि ब्राउझरमधली फालतू चित्रं पण हजारोंनी येतात. साइझने लावा आणि अगदी छोट्या बाजूला काढा. काढलेले फोटो दुसऱ्याच डिस्कवर सेव्ह करा, त्याच डिस्कवर कधीच नाही. एसएसडीवर, म्हणजे आत फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, आशा कमी, तिथे ट्रिम नावाचा प्रकार डिलीट झालेली जागा स्वतःच साफ करून टाकतो.

डिस्क सोडून पण बघा. गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, आयक्लाउडमध्ये साधारण ३०. मुंज-लग्नाचे असतील तर फोटोग्राफरला फोन करा, कितीतरी जण जुन्या डिस्क टाकत नाहीत. जुन्या सीडी निघाल्या आणि वाचल्या जात नसतील तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एक ड्राइव्ह वाचतो एक नाही असं सर्रास होतं.

आत्याकडे शेवटच्या तारखेच्या बॅकअप सेटमधली एक झिप अर्धवट होती, अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा. तरी सेव्हन झिपने जेवढं होतं तेवढं बाहेर काढलं. मग त्याच डिस्कवर सहा महिने आधीचा सेट दिसला आणि त्यात साताऱ्याचे जवळजवळ सगळे फोटो स्वच्छ निघाले. म्हणून नवा बॅकअप खराब असेल तर जुना उघडाच, फाईल बिघडल्यावर पुढचे बॅकअप त्या बिघडलेल्या फाईलचेच होतात. आता एक प्रत कोथरूडला माझ्याकडे, एक चिंचवडला भावाकडे, एक क्लाउडवर.

एक फोटो मात्र त्या अर्धवट झिपमधलाच होता, दुसरीकडे कुठेही नाही. तो खालून करडा झालाय. पण चेहरा वरच्या भागात होता, त्यामुळे पणजी नथीसकट पूर्ण आहे, करडा भाग सुरू होतो तो साडीच्या पदरापासून. आत्याने तो तसाच लक्ष्मी रोडवरून प्रिंट करून आणला, देवघराशेजारी लावलाय.