जुन्या बेसबॉलपटूंचा दुसरा धंदा कसा शोधावा

आधी महिना बघा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा एखादा अमेरिकन बेसबॉलपटू मैदानाबाहेर पोटासाठी काय करत होता हे शोधायचं असेल, तर हाती आलेला कागद कोणत्या महिन्यात लिहिला गेला ते पहिल्यांदा पाहायचं. मी कित्येक वर्षं रोज रात्री जेवणं आटोपली की या माणसांच्या मागे लागते, आणि ही सवय मला फार उशिरा लागली. आधी लागली असती तर निम्मा वेळ वाचला असता.

कारण साधं आहे. बेसबॉलचा हंगाम वसंतात सुरू होतो आणि शरदात संपतो. अमेरिकेची 1880 आणि 1900 ची जनगणना 1 जून ही तारीख धरून झाली, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना. त्या दिवसांत विचारलं तर माणूस ‘बॉल प्लेअर’ असंच सांगणार. किंवा तो दौऱ्यावर असणार, आणि घरी आई जे सांगेल तेच लिहिलं जाणार. 1920 ची जनगणना मात्र 1 जानेवारीची. मैदानं ओस पडलेली, पगार थांबलेला. ‘व्यवसाय’ या रकान्यात तेव्हा हिवाळ्यातलं काम सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. 1880 आणि 1900 च्या तक्त्यांत वर्षातले किती महिने काम नव्हतं याचाही रकाना आहे. तो बरेच जण वगळून पुढे जातात. तुम्ही वगळू नका. खेळाडूच्या नावापुढे तिथे काहीच नसेल, तर हंगाम संपल्यावर तो दुसरं काहीतरी करत असावा असं धरून पुढे शोधायचं.

1890 च्या जनगणनेची वाट बघू नका. वॉशिंग्टनमध्ये 1921 च्या जानेवारीत लागलेल्या आगीने तिचं अतोनात नुकसान झालं आणि आज तिचे जेमतेम काही तुकडे उरलेत. म्हणजे ज्या वीस वर्षांत हा खेळ खऱ्या अर्थाने धंदा झाला, तीच वीस वर्षं अंधारात. हा खड्डा भरायला शहरांच्या डिरेक्टऱ्या लागतात. त्या बहुतेक दरवर्षी छापल्या जायच्या: नाव, धंदा, पत्ता, बस एवढंच. पत्त्याआधी ‘बीडीएस’ (bds) ही अक्षरं दिसली तर माणूस तिथे भाडेकरू म्हणून जेवूनखाऊन राहतो आहे, ‘एच’ असेल तर ते त्याचं घर. त्याच पत्त्यावर त्याच आडनावाचा आणखी कोणी सापडला तर बहुधा वडील किंवा भाऊ. एका माणसाच्या सलग पाच-सहा वर्षांच्या ओळी एकाखाली एक उतरवून काढा. धंदा बदललेला, घर बदललेलं, मग एका वर्षी नावच गायब, सगळं नजरेसमोर उभं राहतं.

पण छापलंय म्हणून खरं मानायचं नाही. उघडपणे पैसे घेऊन खेळायला 1869 मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी चांगल्या खेळाडूंना क्लब नावापुरती नोकरी लावून द्यायचे. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) जॉर्ज राईट 1867 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल्सकडून खेळला, तेव्हा त्याचा धंदा ‘क्लार्क’ आणि कामाचा पत्ता 238, पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यू असा नोंदला गेला. त्या पत्त्यावर सार्वजनिक बाग होती, असं बेसबॉलचे इतिहासकार सांगत आले आहेत. दोन वर्षांनी तोच जॉर्ज सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्जमध्ये आला. या संघाची यादी वाचताना मला अजून भरून येतं. कप्तान हॅरी राईट जवाहिऱ्याकडचा कारागीर, त्याचा भाऊ जॉर्ज धातूवर कोरीव काम करणारा, ब्रेनर्ड आणि वॉटरमन विम्यातले, गूल्ड हिशेबनीस, स्वीझी आणि लेनर्ड टोप्या बनवणारे, अॅलिसन संगमरवर घडवणारा, मॅकव्ही पियानोच्या कारखान्यातला. जॉर्जचा हंगामाचा पगार 1400 डॉलर होता, हॅरीपेक्षाही दोनशेने जास्त. एवढा पगार घेणारा माणूस त्या वर्षी कोरीव काम करायला बसत असेल का? म्हणून यादीतल्या धंद्यापुढे मी दोन खुणा करते: शिकलेला आणि करत असलेला. हॅरी जवाहिऱ्याचं काम खरोखर शिकला होता. जॉर्जने पुढे बॉस्टनमध्ये राईट अँड डिटसन हे खेळाच्या सामानाचं दुकान काढलं, तो त्याचा खरा धंदा.

शिकलेल्या धंद्याने खेळ बदलला का, हाही प्रश्न विचारा. डॉक बुशाँग हा 1880 च्या दशकातला कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी त्याने 1882 मध्ये घेतली. तेव्हाच्या कॅचरची बोटं मोडून वाकडी व्हायची. उजवा हात गेला तर दात कोण काढणार? म्हणून तो होता होईल तो डाव्या हाताने चेंडू घ्यायचा आणि उजवा जपायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. खेळ संपल्यावर ब्रुकलिनमध्ये त्याने दवाखाना चालवला. (नावामागे ‘डॉक’ दिसलं की विद्यापीठाची यादी तपासा. नुसतं टोपणनावही असू शकतं.)

वकील झालेले शोधायला सगळ्यात सोपे, कारण त्यांचे कागद टिकतात. न्यूयॉर्क जायंट्समध्ये एकाच वेळी दोघे होते. जिम ओ’रूर्क येलमधून 1887 मध्ये कायदा शिकून बाहेर पडला, जॉन माँटगोमेरी वॉर्ड त्याच्या दोन वर्षं आधी कोलंबियातून. वॉर्डने त्याच 1885 साली खेळाडूंची संघटना उभी केली, आणि 1890 मध्ये मालकांना बाजूला सारून प्लेअर्स लीग सुरू झाली. त्याला रोखायला क्लब कोर्टात गेला आणि हरला. त्या खटल्याचा निकाल कायद्याच्या अहवालांत छापलेला आहे. तो वाचा. खेळाडूला जन्मभर एकाच क्लबला बांधून ठेवणारं कलम न्यायाधीशाने कसं उलगडलं ते तिथे दिसतं.

रंगभूमीवर गेलेल्यांसाठी ‘न्यूयॉर्क क्लिपर’ हे साप्ताहिक चाळा. त्यात खेळ आणि नाटक दोन्हींच्या बातम्या यायच्या, आणि इलिनॉय विद्यापीठाने ते फुकट वाचायला ठेवलंय. इथेही हिवाळ्याचे अंक आधी. माइक डॉनलिनसारखा माणूस मात्र उन्हाळ्यातही सापडेल: 1908 चा हंगाम उत्तम गेलेला असताना तो बायकोबरोबर, मेबल हाइटबरोबर, रंगमंचावर गेला आणि पुढचे दोन हंगाम खेळलाच नाही. राजकारणात गेलेल्यांना फार खणावं लागत नाही. शिकागोचा पिचर (चेंडू फेकणारा) जॉन टेनर पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर झाला, त्याचं सगळं सरकारी दप्तरात आहे.

एका चुकीबद्दल सांगायलाच हवं. एका पिचरच्या मागे मी तीन आठवडे होते. डिरेक्टरीत त्याच नावाचा सुतार सापडला, वय जुळलं, शहर जुळलं, मी सगळं लिहून काढलं. मग त्या सुताराच्या मृत्यूची नोंद हाती आली, ती त्या पिचरच्या शेवटच्या सामन्याच्या चार वर्षं आधीची. तेव्हापासून माझा नियम: जन्मतारीख, जवळच्या एका नातेवाईकाचं नाव आणि गाव, यातल्या किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय माणूस तोच असं म्हणायचं नाही.

शेवटी पेटंटं. ही मला सगळ्यात प्रिय. पेटंटवर नाव आणि गाव छापलेलं असतं, पण जुन्या छपाईतली अक्षरं संगणक चुकीची वाचतो, म्हणून नावाचे तुकडे करून आणि साल पुढे-मागे करून शोधा. मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू 1884 मध्ये टोलेडोचा कॅचर होता. आकडेवारीच्या तक्त्यात त्याची एकच ओळ: 42 सामने, फलंदाजीची सरासरी .263. कृष्णवर्णीयांना वरच्या लीगचे दरवाजे बंद झाले आणि ते 1947 पर्यंत उघडले नाहीत, म्हणून त्या ओळीखाली दुसरी ओळ कधी आली नाही. पेटंटांत शोधलं की 1891 मध्ये तोफगोळ्याच्या रचनेचं एक सापडतं, आणि 1920 मध्ये चित्रपटाच्या रिळांची तीन. ओहायोतल्या कॅडिझ गावात तो नाट्यगृह चालवायचा, तिथे चित्रपट दाखवायचा. त्यातल्या एका पेटंटात रिळावर इशारा देणारी योजना आहे. ते वर्णन पुरं वाचा, सोबतच्या आकृतीतला प्रत्येक आकडा मजकुरात शोधा. मी तसं केलं त्या रात्री खोलीतला दिवा मालवायला पहाट झाली होती.