वर्गातून ऑफस्टेडपर्यंत: इंग्लंडमध्ये शाळा इन्स्पेक्टर कसं व्हायचं

इंग्लंडमध्ये शिकवायला गेलेले किंवा जायच्या तयारीत असलेले मराठी शिक्षक हल्ली एक गोष्ट विचारतात, की वर्गावर दहा-बारा वर्षं काढल्यावर पुढे काय, हेडटीचर होणं एवढीच वाट आहे का. अजून एक वाट आहे, ऑफस्टेडमध्ये, म्हणजे तिथल्या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेत, इन्स्पेक्टर होण्याची, आणि तिच्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. मला हे काम फार मोलाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी रचना समजून घ्या. आपल्याकडे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी ही साखळी जिल्हा परिषद, पंचायत समितीला जोडलेली असते, म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब आणि रजा-पगाराचे कागद ज्यांच्या ऑफिसातून फिरतात ते साहेब एकाच खात्यातले. इंग्लंडमध्ये तपासणी वेगळी काढलीय. १९९२ च्या कायद्याने ऑफस्टेड उभी राहिली, ती शिक्षणमंत्र्यांच्या हाताखाली येत नाही, थेट पार्लमेंटला जबाबदार असते, शाळेला पैसे देणं किंवा शिक्षकांच्या नेमणुका करणं हे तिचं कामच नाही, ती शाळा बघते आणि अहवाल जाहीर करते. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळाच तिथं सुमारे २२ हजार आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडची यंत्रणा वेगळी, ते यात धरू नका.

ऑफस्टेडच्या कायम नोकरीतल्या इन्स्पेक्टरला हिज मॅजेस्टीज इन्स्पेक्टर, थोडक्यात एचएमआय म्हणतात आणि नेमणूक राजाच्या नावाने प्रिव्ही कौन्सिलमधून, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळातून, होते. पद जुनं आहे, १८३९ पासूनचं, पण पहिल्या दोघांमध्ये एक धर्मगुरू होते आणि एक बॅरिस्टर. आज हे काम मुख्यतः शिक्षकी पेशातून वर आलेली माणसं करतात, जानेवारी २०२४ पासून चीफ इन्स्पेक्टर असलेले सर मार्टिन ऑलिव्हर हेही मुळात चित्रकलेचे शिक्षक. त्यांच्या आधीच्या अमांडा स्पीलमन यांनी कधी शाळेत शिकवलेलं नव्हतं आणि २०१६ मध्ये खासदारांच्या शिक्षण समितीने त्यांच्या नावाला संमती दिली नव्हती, तरी नेमणूक झाली. म्हणजे कायद्याने अट नसली तरी लोकांची अपेक्षा काय असते ते यातून कळतं, की आमचा वर्ग तपासणाऱ्याने स्वतः वर्ग सांभाळलेला असावा.

आता सुरुवातीपासून बघू. पहिली पायरी क्यूटीएस, म्हणजे क्वालिफाइड टीचर स्टेटस, तिथला पात्र शिक्षकाचा अधिकृत दर्जा. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात शिक्षक झालेल्यांनाही यासाठी थेट ऑनलाइन अर्ज करता येतो, पण भारतातून येणाऱ्यांसाठी ११ ते १६ वयोगटाला गणित, सायन्स किंवा भाषा शिकवायची पात्रता लागते, शिवाय पदवी, बीएडसारखं ट्रेनिंग, किमान वर्षभराचा अनुभव आणि इंग्रजीचा पुरावा. तुमचं डीएड असेल आणि पहिली ते चौथी शिकवत असाल तर हा रस्ता उघडा नाही, तिथं जाऊन टीचर ट्रेनिंग करावं लागेल, आणि हे तिकीट काढायच्या आधी नीट वाचून घ्या कारण एजंट लोक हे धड सांगत नाहीत. नियम बदलत असतात, म्हणून सरकारी साइटवरचंच खरं धरा. तिथं ट्रेनिंग करून नवीन लागलेल्या शिक्षकाला पुढे दोन वर्षांचा इंडक्शन काळ असतो, एक मेंटर दिलेला असतो, आणि वर्ग बघायचा कसा याचे पहिले धडे खरं तर तिथंच मिळतात.

यानंतरची जी पाच-सहा-सात वर्षं आहेत ना, इन्स्पेक्टर त्यातच घडतो. नुसतं उत्तम शिकवणं पुरत नाही, दुसऱ्याच्या शिकवण्याची जबाबदारी अंगावर घ्यावी लागते. प्रायमरीत असाल तर एखाद्या विषयाचे लीड व्हा, सेकंडरीत असाल तर डिपार्टमेंट किंवा पूर्ण इयरची (इयत्तेची) जबाबदारी मागून घ्या, मग असिस्टंट हेड, डेप्युटी हेड. स्पेशल नीड्सच्या मुलांचं काम बघणारं सेन्कोचं पद तर मी आवर्जून सुचवेन, कारण आता तपासणीत इन्क्लूजन, म्हणजे सगळ्या मुलांना सामावून घेणं, हा स्वतंत्र भाग झालाय आणि ज्याने ते काम हाताने केलंय त्याला शाळा मुलांना कुठे गाळते ते पटकन दिसतं. एनपीक्यू नावाचे नॅशनल कोर्स आहेत, सीनियर लीडरशिपचा आणि हेडशिपचा, ते करा पण सर्टिफिकेट गोळा करायला म्हणून करू नका. दोन गोष्टी मात्र फार कमी लोक करतात आणि त्यांचा उपयोग मोठा आहे. एक म्हणजे दुसऱ्या एखाद्या शाळेत गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे सदस्य, व्हा, हे बिनपगारी काम आहे पण बजेट, हजेरी, एक्सक्लूजन (मुलाला शाळेतून काढणं), हेडला विचारायचे अवघड प्रश्न हे सगळं टेबलाच्या त्या बाजूने शिकता येतं. दुसरं म्हणजे सहावीच्या मुलांच्या लेखनाचं मॉडरेशन, लोकल अथॉरिटी (तिथलं स्थानिक प्रशासन) यासाठी शिक्षक घेते, त्याची आधी परीक्षा असते, आणि मग दुसऱ्या शाळांमध्ये बसून तिथल्या वह्या बघून ठरवायचं असतं की शिक्षकाने लावलेली लेव्हल बरोबर आहे का. पुराव्यावर बोलायची सवय यापेक्षा चांगली कुठेच लागत नाही.

वर्ग बघण्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण सगळा जीव यातच आहे. मागच्या बाकावर बसून बाईंकडे बघत राहणं म्हणजे इन्स्पेक्शन नाही. बाई कशा बोलतात, फळा कसा आहे, मुलं हात वर करतात का, हे सगळं फसवं असतं, आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की पताका लागतात आणि हुशार पोरं पुढच्या रांगेत येतात तेव्हापासून आपल्याला हे माहीतच आहे. बघायचं असतं मुलांकडे. एखाद्या मुलाची सप्टेंबरमधली वही आणि फेब्रुवारीतली वही शेजारी ठेवा, मग वर्गातल्या सगळ्यात मागे पडलेल्या मुलाच्याही दोन वह्या तशाच ठेवा. चौथीतल्या मुलीला विचारा रोमन लोकांबद्दल काय शिकलीस, ती म्हणते आम्ही पुठ्ठ्याची ढाल केली, मग विचारा ते लोक इथं आले कशाला, ती गप्प. तीन-चार मुलं सलग अशी गप्प झाली तर दोष मुलांचा नसतो, धडा आखताना ढालीला वेळ दिला आणि रोमनांना दिलाच नाही असं असतं, आणि ते त्या बाईंचं एकटीचं नसतं, तो अभ्यासक्रम कुणी आखला तिथपर्यंत प्रश्न न्यावा लागतो.

वाचनाचंही तसंच. इंग्लंडमध्ये पहिल्या इयरच्या मुलांची २०१२ पासून जूनमध्ये फोनिक्स तपासणी होते, ४० शब्द, त्यातले २० खरे आणि २० अर्थ नसलेले, म्हणजे पाठांतर करून वाचता येणार नाही, अक्षरांचे आवाज जोडता आले तरच वाचता येईल. प्रायमरीतला इन्स्पेक्टर म्हणूनच वाचनात मागे असलेल्या मुलांशेजारी बसून त्यांचं वाचन ऐकतो. मूल चित्र बघून अंदाजाने शब्द ठोकतंय का, हातात दिलेलं पुस्तक त्याला शिकवलेल्याच आवाजांचं आहे का, अडल्यावर शेजारची मोठी व्यक्ती त्याला आवाज जोडायला लावते का नुसता शब्द सांगून मोकळी होते, एवढं पाच मिनिटांत दिसतं आणि शाळेच्या जाडजूड फायलीपेक्षा त्यातून जास्त कळतं. हे तुम्ही इन्स्पेक्टर नसतानाही आपल्याच शाळेत करू शकता, उद्यापासून.

सेफगार्डिंग, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची काळजी, कच्चं ठेवू नका. स्टाफच्या पोलीस तपासणीच्या नोंदींचं रजिस्टर, मुलाने काही सांगितलं तर ते कुणाकडे आणि किती वेळात जातं, सारखं गैरहजर राहणारं मूल कुठे असतं, या बाबतीत शाळा कमी पडली तर बाकीचं चांगलं काम तिला वाचवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

प्रत्यक्ष आत शिरायचे दोन दरवाजे आहेत. सोपा आणि मला शहाणपणाचा वाटणारा म्हणजे ऑफस्टेड इन्स्पेक्टर, ओआय. यात शाळेतली नोकरी सोडायची नाही, वर्षातले काही दिवस करारावर तपासणीला जायचं, आधी ट्रेनिंग, मग अनुभवी इन्स्पेक्टरबरोबर राहून त्याचं काम बघत शिकायचं. शाळेची परवानगी लागते, पण हेड सहसा तयार होतात कारण तुम्ही शिकून आलेलं शाळेलाच मिळतं. दुसरा दरवाजा थेट एचएमआय, ही सिव्हिल सर्व्हिसची पूर्णवेळ नोकरी, जाहिरात सिव्हिल सर्व्हिस जॉब्जच्या साइटवर येते. ब्रिटिश सिव्हिल सर्व्हिसच्या बहुतेक पदांना कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना अर्ज करता येतो, भारतीय पासपोर्टवालेही त्यात आले, मात्र तिथं राहून काम करायचा हक्क हातात हवा, म्हणून व्हिसाची अट जाहिरातीत शब्द न् शब्द वाचा. अर्जात मी खूप मेहनती आहे असलं काही लिहू नका. कुठल्या गटाची मुलं मागे होती, तुम्ही काय बदललं, कुणाला पटवावं लागलं, वर्षभराने मुलांना काय येऊ लागलं, आणि काय जमलं नाही तेही, एवढं सरळ लिहा.

लिहिण्याचा सराव तर फारच लागतो. 'वर्ग शांत आणि छान होता' हा पुरावा नाही. 'सहा मुलांशी बोलले, चौघांना मागच्या आठवड्याचं गणित समजावून सांगता आलं, दोघांना पहिली पायरीच आठवेना' हा पुरावा. शाळेने हरकत घेतली तर तुमच्या मतापेक्षा अशाच नोंदी कामाला येतात.

कामाचा आठवडा असा, सोमवारी सकाळी शाळेला फोन, हेडशी लांब बोलणं, बहुतेक वेळा मंगळवार-बुधवार शाळेत, संध्याकाळी टीमची चर्चा जिला हेडलाही बसू देतात, शेवटी निष्कर्ष सांगणं आणि मग रिपोर्ट. प्रवास भरपूर, रात्री हॉटेलात, घरी लहान मुलं असतील तर हे आधीच घरच्यांशी बोलून घ्या.

आणि एक गोष्ट हे काम घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवी. रीडिंगमधल्या कॅव्हर्शम प्रायमरीच्या हेड रूथ पेरी यांनी जानेवारी २०२३ मध्ये, तपासणीनंतर रिपोर्ट यायच्या आधीच, आत्महत्या केली, आणि डिसेंबरमध्ये कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) त्यात तपासणीचा वाटा होता असा निकाल दिला. पुढच्याच महिन्यात तपासण्या थांबवून इन्स्पेक्टरांना मानसिक ताण ओळखायचं ट्रेनिंग दिलं गेलं, सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना अख्ख्या शाळेचा निकाल एका शब्दात देणं बंद झालं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून रिपोर्ट कार्ड आलं, सेफगार्डिंग सोडून प्रत्येक भागाला अर्जंट इम्प्रूव्हमेंट ते एक्सेप्शनल अशा पाच पायऱ्यांपैकी एक. शिक्षक संघटनांना हेही पुरेसं वाटत नाही. माझं मत असं की पद्धत कितीही सुधारली तरी समोरच्या हेडचा आवाज बदललाय, हात थरथरतोय हे दिसल्यावर थांबून पाणी विचारणारा माणूस लागतोच, आणि ज्याला ते दिसत नाही त्याने या कामात येऊ नये. पण म्हणून वाईट निकाल गोड करून सांगायचा असंही नाही, कारण ज्या मुलाला वाचता येत नाही त्याच्या बाजूने बोलायला त्या खोलीत दुसरं कुणी नसतं.

अर्ज करायच्या आधी एक काम करा. ऑफस्टेडचे सगळे रिपोर्ट साइटवर फुकट आहेत, तपासणी कशी करायची याची मार्गदर्शक पुस्तिकाही आहे. आपल्या भागातल्या चार-पाच शाळांचे रिपोर्ट काढा, एकेका वाक्यापाशी थांबा आणि हे लिहायला इन्स्पेक्टरने काय बघितलं असेल, कुणाशी बोलला असेल ते समोर लिहून काढा, आणि मग तेच आपल्या शाळेत जाऊन बघा, हेडना आधी सांगून.